कुशाबाकडूनच वाचून घे

॥ श्री ॥
निरगुडसर, ता. आंबेगाव
२५ जून २०००

ती. सौ. सारजाताईस,
धाकट्या कुंडलिकचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र वृषालीकडून वाचून घेऊ नकोस. पोस्टमन कुशाबाला ओट्यावर बसव, चहा पाज आणि त्याच्याकडूनच वाचून घे.

इकडे बटाट्याची लागवड चालू आहे. तुमच्याकडे मढला भाताची रोपं वर आली असतील.

पोरीचे दहावीत तीन विषय गेल्याचं कळलं. मामा मास्तर असून पोरीचं नशीबच खोटं, असा तुझा निरोप आला. ताई, नशिबाला बोल लावू नकोस. दोष माझा आहे.

नववीपर्यंत ती माझ्याकडे राहून माझ्याच वर्गात शिकली. उजवा हात जन्माचा अधू, डाव्याने सावकाश लिहायची, पण लिहिलेलं सहसा चुकायचं नाही. गेल्या वर्षी परिपत्रक आलं, की दहावीचा निकाल घसरत राहिला तर शाळेचं अनुदान थांबेल. हेडसरांनी आमच्याकडून मागे पडणाऱ्या पोरांची नावं मागितली. त्या पोरांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा द्यायची, म्हणजे शाळेच्या निकालात ती धरली जात नाहीत. मी पहिलं नाव वृषालीचं दिलं. घरचीच पोर काढली की बाकीचे पालक तोंड उघडणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. तुला मात्र सांगितलं की तिला घरून अभ्यास सोपा जाईल.

अधू हाताच्या मुलांना परीक्षेत जादा वेळ मिळतो. त्यासाठी अर्ज करावा लागतो. मी तो केला नाही. केला असता तर तू विचारलं असतंस, की वेळ मिळत होता तर शाळेतून काढली कशाला.

आमचा निकाल बाहत्तर टक्के लागला. हेडसरांनी पेढे वाटले. मीही खाल्ला, ताई. त्याची फार लाज वाटते.

मला चार शिव्या दे, पण पोरीला यातलं काही कळू देऊ नकोस. माया आहे तेवढी राहू दे, हेच मागणं.

तुझा
कुंडलिक


मढ, ता. जुन्नर
३ जुलै २०००

ती. मामांस,
वृषालीचा सा. न. वि. वि.

मामा, मास्तर ना तुम्ही? आईला अक्षर येत नाही आणि वृषालीकडून वाचून घेऊ नकोस हे तुम्ही पाकिटाच्या आत लिहिलंत. पाकीट नेहमीसारखं मीच फोडलं. पहिल्या दोन ओळी आईला वाचून दाखवल्या, तर ती म्हणाली, घरात शिकलेली पोर असताना कुशाबाला कशापायी चहा पाजू, वाच म्होरं. मग सगळंच वाचलं. पेढ्याची ओळ गाळावीशी वाटली, तीही वाचली.

आईने तुम्हाला निरोप दिलाय, तो तिच्याच शब्दांत लिहिते. कुंडल्या लई शिकला, आन् भनीलाच फसवाया शिकला. यंदा राखीला येऊ नको म्हनावं. हे सांगून ती रडत बसली.

मलाही राग आलाय, खोटं कशाला लिहू. मी ढ आहे असंच धरून चालले होते. गणिताच्या पेपरात शेवटची चार गणितं मला येत होती. तोवर घंटा झाली.

ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म याच महिन्यात भरायचा आहे. जादा वेळेचा अर्ज घेऊन तुम्ही स्वतः या, राखीपर्यंत थांबू नका. आणि हेडसरांनी यंदा यादी मागितली तर कोरा कागद द्या.

लोभ आहे. राग उतरेपर्यंत तो तुम्हीच सांभाळा.

आपली भाची
वृषाली

ता. क. एवढं लिहायला मला तीन दिवस लागले. हातातून कागद काढून घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून पुरं झालं.