तेजस्वीचा ताण आणि माझं थंड डोकं

८ नोव्हेंबर, शनिवार
बायकोला, म्हणजे तेजस्वीला, ताण आहे. सहावा महिना चालू आहे आणि तिचं स्वतःकडे अजिबात लक्ष नाही, म्हणून मलाच ठेवावं लागतं. पहाटे पाच वाजता तिच्या उशाशी मोबाईलवर बासरी लावली तर माझ्यावर ओरडली. गाढ झोपलेल्या माणसाने इतकं ओरडणं बरं नव्हे. शिवाय शाळेत शिकवून आली की सुका बांगडा भाजून खाते. रोज. हेही ताणाचंच लक्षण असणार.

माझा धंदा बर्फाचा. बंदरावरच्या निम्म्या ट्रॉलरना आमच्याच फॅक्टरीच्या लाद्या जातात. त्यामुळे डोकं थंड. निर्णय मीच घेतलेला बरा.

११ नोव्हेंबर, मंगळवार
स्वरूप भेटला. माझा शाळासोबती. मुंबईहून परत आल्यापासून वेलनेस कोच आहे. त्याच्याकडे 'निवांत प्लस' नावाची पूड आहे. अश्वगंधा, ब्राह्मी, जटामांसी 'व इतर मौल्यवान वनस्पती'. दिवसाला दोन चमचे, महिन्यात मन शांत. गरोदर बाईला चालेल का, असं मी रीतसर विचारलं. तो म्हणाला, झाडपाला आहे रे, झाडपाल्याने कोणाला काय होतं? मुद्दा बिनतोड. मोठा डबा घेतला.

१६ नोव्हेंबर, रविवार
तेजस्वी पूड घेत नाही. गणिताची मास्तरीण, प्रत्येक गोष्टीला पुरावा मागते. म्हणाली, "अहो, विषसुद्धा झाडाचंच असतं. सहा तारखेला तपासणी आहे, तेव्हा डॉक्टरांना विचारू. तोवर डबा राहू दे." मी समजावत राहिलो. तिसऱ्या खेपेला ती बांगडा भाजायला उठली.

आईने तिचीच बाजू घेतली. आई म्हणजे आवडाबाई, तीस वर्षं बाजारात मासळी विकलेली, आवाजही तसाच. म्हणाली, "तिला कसला ताण रं? तूच हायस तिचा ताण." आईला यातलं काही कळत नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार
सात तारखेला, रविवारी डोहाळजेवण. अंगणात होडी सजवायची, तेजस्वीला फुलांनी मढवून तीत बसवायचं, ओटी भरायची. मग दोन वाट्या झाकून पुढे ठेवायच्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, आणि जे निघेल ते तिने सगळ्यांसमोर खायचं.

सगळ्यांसमोर खायचं! कल्पना एकदम सुचली. पूड पेढ्यात. डॉक्टरांना काय विचारायचं? ते इंग्लिश औषधवाले, आपल्या मुळ्यांना नावंच ठेवणार. एक पेढा वाटीखाली, बाकीचे नंतर रोज एक. तिला कळणारही नाही. प्रेमात थोडी लपवाछपवी चालते.

५ डिसेंबर, शुक्रवार
पेढे केले. दुकानातले आणले, कुस्करले, पूड मळली, परत वळले. रंग जरा शेवाळी आला. वास बोटांना राहिला, साबणाने जात नाही. पेढ्यांचा डबा फ्रिजमध्ये कोलंबीच्या मागे लपवला. प्लॅन फूलप्रूफ.

६ डिसेंबर, शनिवार
तपासणी. तेजस्वीने पर्समधून 'निवांत प्लस' काढून डॉक्टर संध्या मॅडमच्या टेबलावर ठेवलं. मॅडमनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि स्पष्ट सांगितलं, हे घ्यायचं नाही. अश्वगंधा गरोदरपणात टाळायची, जास्त प्रमाणात गर्भाला धोका होऊ शकतो. बाकीच्यांची बाळावर पुरेशी तपासणीच झालेली नाही. आणि 'इतर' म्हणजे काय, ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. झाडपाल्याचं असलं तरी पोटात गेल्यावर ते औषधच. मन बेचैन असेल, झोप येत नसेल तर मला सांगायचं, त्यावर उपाय आहेत. पूड शोधत बसायचं नाही.

तेजस्वी म्हणाली, मला झोप छान लागते, फक्त पहाटे पाचला बासरी वाजते.

मला घाम फुटला होता. मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि माझंच बीपी घेतलं. आकडा बघून भुवया वर गेल्या. बुधवारी परत या म्हणाल्या. मशीन बिघडलेलं असणार.

६ डिसेंबर, संध्याकाळी
फ्रिज उघडला. कोलंबी आहे, डबा नाही.

आईला सापडला. पेढ्यांचा रंग वाईट दिसला म्हणून तिने दुकानातले आणि माझे एकत्र करून सगळे पिस्त्याच्या पुडीत घोळवले, ताट भरून देवापुढे झाकलं. आता कुठला कुठला, देवालाच ठाऊक. घरात राजापूरच्या मावश्या, आत्या, शेजारणी. मागीलदारी यमुनाआत्या भांडी घासत बसलेली. ताट घेऊन जायचं कुठून?

सांगून टाकावं असं दोनदा वाटलं. पण इतक्या बायकांसमोर कुठल्या तोंडाने सांगणार? सकाळी डोकं थंड ठेवून बघू.

७ डिसेंबर, रविवार, दुपारी
घाईत लिहितोय. देवघरात बसून पेढे खातोय. दुसरा मार्ग नाही. तेजस्वीच्या पोटात यातला कणही जाता कामा नये, बाकी माझं काय व्हायचं ते होवो. खूप भीती वाटते. बाळाची वाटते, आणि तिला कळेल याचीही.

आई दोनदा डोकावली. म्हणाली, "मेल्या, डोहाळे तुला लागलेत काय?"

ताट संपत आलं. डोळे जड. बाहेर ओटी चालू. वाटीखालचा पेढा राहिलाच!

८ डिसेंबर, सोमवार
कालचं जेवढं आठवतं तेवढं. गाणं रंगात आलं तेव्हा मी वाटी उचलली, पेढा तोंडात टाकला, वाटी परत झाकली. कोणी बघितलं नाही.

तेजस्वीने नेमकी तीच वाटी उघडली. रिकामी. सगळ्या पुढे वाकल्या. मग यमुनाआत्या म्हणाली, "गो बाय, बाळाच्या आधी बापूसच खाऊन मोकळा झाला!" हसण्याचा स्फोट झाला. म्हणजे बघितलं होतं.

त्यानंतरचं मला आठवत नाही. फोटो आहेत. मावश्या फुगड्या घालतायत आणि मी सजवलेल्या होडीत, गळ्यात तिचा मोगऱ्याचा हार, तोंड उघडं, झोपलेला. रात्रभर जुलाबही झाले. 'इतर मौल्यवान वनस्पती' फार कामसू आहेत.

सकाळी तेजस्वीला सगळं सांगितलं. तिला शुक्रवारीच कळलं होतं. माझ्या बोटांचा वास. ती तो पेढा खाणारच नव्हती, मी सांगतो का याची वाट बघत होती. म्हणाली, "पूड घातलीत त्याचा राग आहेच. पण मला न सांगता घातलीत त्याचा जास्त आहे." मी खूप रडलो. तिने पाणी दिलं. तिच्यात खरंच ताण नाही.

१० डिसेंबर, बुधवार
दवाखान्यात गेलो. केसपेपरवाल्या बाईने सवयीने विचारलं, पेशंट कोण, ह्या का? तेजस्वी म्हणाली, नाही, आज हे.

तिचं सगळं नॉर्मल, बाळ छान. माझं बीपी अजून चढलेलंच. मला रोज चालायचं, वेळेवर झोपायचं, बासरी बंद, पुड्या बंद. मीठही कमी. म्हणजे सुकी मासळी बंद.

रात्री जेवायला मला दुधीची भाजी. शेजारी ती बांगडा भाजून खात होती, अगदी निवांत. एक तुकडा मागितला. म्हणाली, डॉक्टरांना विचारू.