साठ हात आत

दि. ९ एप्रिल

चि. धाकट्या,

आशीर्वाद. आईचा गुडघा सोडला तर घरी सगळं ठीक. बाराही कयाक धुऊन पालथ्या घातल्यात. पाच दिवस ताईकडे जाऊन बसलायस, फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद.

अरे, गाइड ना तू? मग गिऱ्हाइकाने "अजून जरा जवळ" म्हटल्यावर त्याला गप्प करता येत नव्हतं? तो टोपीवाला म्हणत होता, "एवढ्या लांब आलो ते ठिपके बघायला?" सगळ्यात मागच्या कयाकमध्ये होतो मी, पण माझे कान तुला माहीत आहेत.

बेटावरचे सुरय पक्षी एकदम उठले. त्यांची अंडी उघड्या वाळूत. पक्षी हलला की वर कावळे. अर्ध्या तासात वीस घरटी साफ! घाटावर आल्यावर सगळ्यांदेखत मी तुझ्यावर ओरडलो, "हद्दीच्या झेंड्या दिसल्या नाहीत? डोळे कुठे गहाण टाकलेस?"

तू एवढंच म्हणालास, "दादा, झेंड्यांच्या बाहेरच होतो मी."

बस? वनखात्याचे साहेब तुझं नाव लिहून घेत होते, परवाना रद्द करतो म्हणत होते, आणि तू खाली मान घालून उभा! भांडला का नाहीस? त्याचाच संताप येतो मला.

झेंड्या तू अंतर मोजून रोवल्या होत्यास. आदल्या सकाळी तू गिऱ्हाइकं आणायला गेलास, तेव्हा मी त्या साठ हात आत, बेटाकडे सरकवून पुन्हा बांधल्या. फोटो चांगले आले की माणसं वाढतात, काय बिघडतंय, असं म्हणत.

आणि तुला ते कळलं होतं. घाटाकडे वळण्याआधी झेंड्या उपटताना गाठींवर तुझा हात थांबला, मी पाहिलं. माझी गाठ तू अंधारातही ओळखशील. मोठ्या भावाची लाज राखायला तुला सांगितलं कोणी होतं? आणि मी मेल्याने ती राखून घेतली, पाच दिवस!

आज साहेबांना लेखी देऊन आलो. तुझा परवाना राहिला. सहली न्यायची माझी परवानगी गेली, कायमची. साहेबांनी विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?" आयुष्यभर तोंडावर धंदा केला, पण तिथे नुसती सही करून बाहेर पडलो.

कयाक तुझ्या नावावर करतोय. चालव नाहीतर विकून टाक, मला विचारू नकोस. आईला अजून काही बोललो नाही. तू येण्याआधी मीच सांगेन.

म्हणावंसं वाटलं तर अजूनही,
तुझा दादा