नाही म्हटलेल्या जागेचं पाणी

बाबा, आपल्या वावरात पाणी लागलं. बांधालगत, धुऱ्याकडच्या त्या कातळाच्या तुकड्यात, जिथं मी तुमच्या देखत 'इथं नाही' म्हटलं होतं, तिथंच. विहीर कोणी खोदत नव्हतं. धाकट्यानं पावसाचं पाणी साठवायला शेततळं घेतलं आणि पिकाची जमीन कशाला घालवा म्हणून ती निकामी जागा निवडली. जेसीबीनं कातळ फोडला तशी बाजूच्या भेगेतून धार सुरू झाली, तीही ऐन उन्हाळ्यात. धाकटा काठावर उभा राहून माझ्याकडे पाहतो आणि म्हणतो, "ताई, इथं त तू नाही म्हटलं होतं न?" चिडवायला नाही, साधंच विचारलं त्यानं. पण मी तोंडघशी पडले ते पडलेच. इतकी वर्षं यंत्र घेऊन जिल्हाभर फिरते, लोक मला यंत्रवाली बाई म्हणून ओळखतात, आणि चुकले कुठं तर घरच्या वावरात. थोडा वेळ चेहरा पडला. मग वाटलं, माझी चूक ऐकून सगळ्या जगात एकच माणूस खूश झाला असता, आणि नेमका तोच नाही. त्या पाण्याकडे पाहत मी रडले, बाबा. धाकट्याला वाटलं, अपमान झाला म्हणून रडते.

तुम्ही मेहकरच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे आणि गावात सगळे तुम्हाला तर्कमास्तर म्हणायचे. मी जमिनीखालच्या पाण्याचं शास्त्र शिकले तेव्हा तुम्हाला आनंद झाला, आणि दुसऱ्याच दिवसापासून तुम्ही माझ्या खोड्या काढायला लागले. पहिल्यांदा यंत्र वावरात आणलं तो दिवस आठवतो. मी लोखंडी सळया जमिनीत ठोकते आहे, वायरी जोडते आहे, वीज सोडून दगड तिला किती अडवतो ते मोजते आहे. आईचा एकट्या यंत्रावर भरवसा नाही, म्हणून तिनं पाणाड्यालाही बोलावलंय. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून वावरभर फिरतोय. निंबाजवळ त्याचा नारळ उभा राहिला. माझंही बोट तिथंच. मग रीतीप्रमाणे चुन्याची फुली मारली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, विहीर खोदली आणि पाणी लागलं. पाणाड्या म्हणे माझ्या नारळानं दाखवलं, मी म्हणे माझ्या यंत्रानं. तुम्ही धुऱ्यावर बसून विडीचं थोटूक विझवत म्हणाले, "दोघायनं बोट ठेवलं तिथंच खोदलं. मंग खरा कोण, हे कसं कळन?"

मला राग आला. कोणाशी तोलताय मला, असं झालं. त्या रविवारी दुपारी स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती आणि मी तुम्हाला कागदावर सगळी समीकरणं मांडून दाखवली. तुम्ही एकेक ओळ नीट तपासली. गणित तुम्हाला यायचं, उगीच मान डोलवणाऱ्यांतले नव्हतेच तुम्ही. मग म्हणाले, "गणित बरोबर आहे तुहं. त्याले खोदून पाहा लागत नाही, ते कागदावरच खरं असते. पण हे गणित आपल्या वावराबद्दल आहे, हे तुले कोणं सांगतलं? खाली दगड सारखा पसरला असंन, असं तू धरून चालली. धरलेलं चुकलं, त मंग बरोबर गणितातून चुकीचंच उत्तर निघते." मी म्हटलं, मग तुमच्या तर्कशास्त्रानं तरी काय होतं? तुम्ही हसले. "तेही कागदावरच राह्यते. काय धरलं त काय निघते, एवढंच ते सांगते. जमिनीतलं पाहाचं असंन त खोदाच लागते." आणि तुमचं तत्त्वज्ञान? ते काय करतं? "ते कुदळ धरत नाही. ते खोदणाऱ्याले एकच विचारते, का बाप्पा, काय निघालं म्हणजे तू चुकलो म्हणशीन?"

मी आवाज चढवला. आई म्हणाली, "आधी जेवून घ्या न, मंग भांडा." पण तुम्ही कुठले ऐकताय, तुमचं आपलं सुरूच. पाणाड्या नाही म्हणतो तिथं कोणी खोदत नाही, तू नाही म्हणते तिथंही कोणी खोदत नाही. 'हो'ची फुली सगळे मारतात, 'नाही'ची खूणसुद्धा कोणी ठेवत नाही. मग तुम्हा दोघांचं 'नाही' खरं की खोटं हे कधी कळायचं? तेव्हा आपण धुऱ्याकडच्या कातळात खोदून पाहू, असं तुमचं म्हणणं. पाणी नाही म्हणून माहीत असलेल्या जागी खोदायचं. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "लोक पाण्यासाठी खोदतात बाबा, तुमच्या शंकेसाठी नाही." गावात ही गोष्ट पसरली तेव्हा लोक पोट धरून हसले. ती जागा तशीच राहिली, आणि मग तुम्ही गेलात. हृदयानं दगा दिला. मी डोणगावला घरी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. त्यानंतर आजवर मला असं कोणी काही विचारलंच नाही. लोक विचारतात, पाणी कुठं आहे. मी सांगते. बस्स.

आता मात्र तुमचा प्रश्न मला सोडत नाही. धार पाहिली त्या दिवसापासून माझी झोप उडाली आहे, कारण तो एकच 'नाही' नव्हता. किती वावरांत मी सळया उपटून घेतल्या आणि मान हलवून निघून आले. ज्यांना हो म्हटलं त्यांच्या विहिरी मला तोंडपाठ आहेत. ज्यांना नाही म्हटलं त्यांच्या जागा आठवायला बसले तर निम्म्या आठवत नाहीत. उभी, अरुंद भेग माझ्या यंत्राला चकवू शकते हे मला माहीत होतं, पुस्तकात वाचलेलं होतं, पण लोकांना सांगताना मी 'दिसत नाही' असं कधी म्हटलं नाही. 'नाही' म्हटलं. आपल्या वावराला लागून ज्यांचं वावर आहे त्या काकूंना संत्र्याची बाग लावायची होती. माझ्या एका शब्दावर त्यांनी तो विचार सोडून दिला.

काल त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "काकू, मी तेव्हा नाही म्हटलं होतं, ते परत घेते."

"म्हणजे पाणी आहे म्हणतं का?"

"हो पण म्हणत नाही. मला माहीत नाही, असं म्हणते."

काकू म्हणाल्या, "माहीत नाही, त मंग हे यंत्र काऊन घेऊन फिरतं वं?" मी त्यांना भेगेचं सांगितलं. यंत्राला काय दिसतं, काय दिसत नाही, आपल्या तळ्यातली भेग कोणत्या अंगानं त्यांच्या वावराकडे गेलीय, आणि कुठं खोदून कोरडं निघालं तर माझं म्हणणं साफ चुकलं असं समजायचं, तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा ठेवला आणि म्हणाल्या, "तू त आता अगदी तुह्या बापासारखी बोलून राह्यली." पदरानं डोळे पुसले त्यांनी. मग म्हणाल्या, "पाहू मंग खोदून." परवा मशीन येणार आहे. पाणी लागेल की नाही ते मला खरंच माहीत नाही, आणि असं म्हणताना पहिल्यांदाच लाज वाटली नाही.

हे तुम्हाला कुठं पाठवू? पण एक सांगायचं राहिलंय. त्या रविवारी भाकरी ताटात पडायच्या आधीच तुमचं म्हणणं मला पटलं होतं, बाबा. धाकट्याशी तुम्ही पिकापाण्याचं बोलायचे, आईशी घरातलं, आणि माझ्याशी तुमचं बोलणं म्हणजे वाद. पटलं म्हटलं असतं तर तुम्ही हात धुऊन उठून गेले असते. म्हणून मी नाही म्हणत राहिले.