बोनटवर ठरेना कुंकू

दसरा, संध्याकाळ. बालाघाट.

बोटं अजून कुंकवानं लाल आहेत, पण लिहिल्याबिगर राहवत नाही. माझी स्वतःची गाडी! जुनी घेतली म्हणून काय झालं? काल दिवसभर घासून रंगावर सीलंट, म्हणजे चमक राखणारा लेप, लावलं, तर बोनटमध्ये तोंड दिसत होतं.

आज पूजेत आईनं ओल्या कुंकवानं बोनटवर स्वस्तिक काढलं, अन् त्याचे लाल थेंब होऊन घरंगळले. पुन्हा काढलं, पुन्हा थेंब. आईचा चेहराच उतरला. "काहून टिकून नाही राह्यलं वं? गाडीले पूजा नको हाय का?"

सीलंटवर पाणी ठरत नाही, हे तिले कसं पटवू? तिनं अपशकुन धरला तर उद्या मले वारासिवनी गावाले गाडी नेऊ देईल का? मग काय, पॉलिशची कंपाऊंड पेस्ट घासून तळहाताएवढ्या जागेवरचं सीलंट काढून टाकलं. कालची तेवढी मेहनत वाया! पण स्वस्तिक असं बसलं, की मीच टाळी वाजवली.

आईनं वाकून पाहिलं, अन् म्हणते कशी, "हौ, आता याच्यावर लाव तुयं ते कालचं औषध. माहं स्वस्तिक सालभर हललं नाही पाहिजे!"