उजव्या हाताची भरपाई

११ मार्च

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय! उजवा कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. आत एक पट्टी आणि सात स्क्रू. अपघाताला नऊ दिवस झाले. डॉक्टर म्हणाले, रोज चार ओळी लिहा, डाव्याला वळण लागेल. काय लिहायचं ते नाही सांगितलं.

१२ मार्च

वेणी घालता आली नाही. चोवीस वर्षं दुसऱ्यांचे केस कापतेय मी! भावजय आली, तिने घातली. घट्ट घातली. दुखलं.

१५ मार्च

दुकानाचं शटर बंदच. शेजारच्या औषधवाल्याने फोन केला — गिऱ्हाइकं येऊन बघून जातात म्हणे. त्याला म्हटलं, कागद चिकटव, 'काही दिवस बंद'. तो म्हणाला, किती दिवस लिहू? म्हटलं, काही.

१९ मार्च

धाकटा भाऊ वकीलबाईंकडे घेऊन गेला. जिना चढताना त्याने माझी पिशवी घेतली. त्याच्या कपाळावरचे दोन टाके काढलेत, आता नुसती रेघ राहिलीय.

वकीलबाईंनी कागद वाचून दाखवला. कागदावर असं आहे : गाडी धाकट्याची. चालवत होता धाकटा. मी शेजारच्या सीटवर. वळणावर ताबा सुटला, गाडी दुभाजकावर चढली. शेजारी बसलेल्याला दवाखान्याचा खर्च मिळतो, बुडालेली कमाईही मिळते, गाडीच्या विम्यातून. मात्र चालवणाऱ्याची चूक होती हे दाखवावं लागतं.

"बहीण भावाविरुद्ध बोलणार म्हटल्यावर विमावाले शंका घेतील," वकीलबाई म्हणाल्या. "तयारी आहे ना?"

"चूक होतीच माझी," धाकटा म्हणाला. "लिहून टाका."

मी खिडकीबाहेर बघत होते. समोरच्या गच्चीवर कुणीतरी गादी वाळत घातली होती.

ही वही उद्या कुणाच्याही हाती लागू शकते. कागदावर आहे तेवढंच इथे लिहायचं, असं ठरवलंय.

२ एप्रिल

प्लास्टर काढलं. टेबलावर ठेवलेला हात कुणा दुसऱ्याचा वाटला. बारीक, पिवळट, खपल्या निघालेला. घरी येऊन पहिल्यांदा कात्री काढली. अंगठा कडीत गेला. दुसऱ्या कडीत जायचं ते करंगळीशेजारचं बोट — ते वाकतच नाही. डाव्या हाताने धरून वाकवलं. सोडलं की सरळ.

कात्री परत कापडात गुंडाळली. रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. भांडी विसळली, एका हाताने.

७ एप्रिल

डॉक्टर म्हणतात, आणखी एक ऑपरेशन. पट्टी काढायची, अडकलेली शीर मोकळी करायची. वर्षाच्या आत केलं तर बोट वळेल, नाहीतर ते तसंच राहील. आकडा सांगितला. मी "बरं" म्हटलं. भाजीचा भाव ऐकल्यासारखं.

९ एप्रिल

धाकट्याचं लायसन्स सहा महिने बंद. कंपनीने त्याला गाडीवरून काढून गोदामात टाकलं. अठरा वर्षं माणसांची ने-आण केली, एक ओरखडा नाही — आता खोकी उचलतो. हे त्याने नाही सांगितलं. भाचीने सांगितलं, सहज, पेन्सिलीला टोक करता करता.

२२ एप्रिल

कमाईचा पुरावा पाहिजे. पावत्या? — कधी फाडल्या नाहीत. बँक? — जेमतेम. माझ्याकडे काय, तर वेळा लिहायची वही. 'अकरा, बँकेतल्या बाई, कट. बारा, बॉबकट आजी, रंग.' चार वर्षांच्या चार वह्या नेल्या.

वकीलबाईंनी पानं चाळली. "विमावाले म्हणतील, कालच बसून लिहिल्या कशावरून नाही?"

म्हटलं, "काल मला नाव तरी लिहिता येत होतं का?"

त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

६ मे

गिऱ्हाइकांचे जबाब. सातजणी आल्या! वकीलबाईंच्या बाहेरच्या खोलीत रांगेत बसल्या, आणि मी सवयीने प्रत्येकीचे केस बघत राहिले. सगळ्यांचे वाढलेले. बँकेतल्या बाईंची मुळं पांढरी झालीत. दुसरीकडे गेल्याच नाहीत म्हणे.

बॉबकट आजी निवृत्त मुख्याध्यापिका. जबाब टाइप करून आला तर पर्स उघडून लाल पेन काढलं. "ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका आहेत. अशा कागदावर मी सही करत नसते." वकीलबाईंनी निमूट परत टाइप करायला लावलं.

जाताना आजी माझा हात धरून म्हणाल्या, "खरं आहे ते मिळायलाच हवं तुला. खोटं थोडंच मागते आहेस?"

हातात हात होता, पण मला त्यांचा स्पर्श कळला नाही. अंगठ्याखालची जागा अजून बधिर आहे.

१८ जून

विम्याचा माणूस दुकान बघायला आला. औषधवाल्याने शटर वर करून दिलं. खुर्चीवर बोटभर धूळ. तो माणूस खुर्चीतच बसला, मांडीवर फाइल घेऊन.

"दिवसाला किती डोकी?"

"आठ-नऊ. सुट्टीच्या दिवशी पंधरा."

"एकट्या?"

"एकटी."

त्याने लिहून घेतलं. मग आरशातून माझ्याकडे बघत विचारलं, "आणि हात खरंच चालत नाही?"

कात्री उचलून दाखवली. पडली. त्याने खाली वाकून उचलून दिली. वाकला तेव्हा मागून मान दिसली.

म्हटलं, "मागची बाजू कुणी कापली तुमची? डावीकडे अर्धं बोट जास्त आहे."

त्याने मानेवरून हात फिरवला.

३० जून

काही नाही. चेंडू दाबला. शंभर वेळा.

१३ जुलै

भाचीच्या शाळेत कार्यक्रम होता. औषधवाल्याने त्याची गाडी देऊ केली, त्याचा पुतण्या चालवणार होता. दारात भाची विचारते, "बाबा नाही ना चालवणार? मग येते." धाकटा चपला घालत होता. घालत राहिला.

१४ जुलै

भावजय आली. न्हाऊ घातलं, केस पुसले. एकदम मागून आवाज — "ताई, मला माफ करा."

"तू काय केलंस?"

"मी नाही. ह्यांनी. तुमचं पोट ज्या हातावर, तोच हात ह्यांनी… मी बोलत नाही त्यांच्याशी. ताट वाढते, बस्स. चार महिने झाले."

टॉवेल डोक्यावर होता. आतून फक्त पांढरं दिसत होतं. ती वाट बघत थांबली. मी म्हटलं, "पाणी गार झालं."

दुसरं काही सुचलं नाही, असं नाही.

१५ जुलै

धाकट्याला बोलावलं. गोदामातून तसाच आला, शर्टाला पुठ्ठ्याचा भुसा. भावजय काय म्हणाली ते सांगितलं.

"माहीत आहे मला," म्हणाला.

"मला नाही जमत रे हे."

"ताई, गप्प बस. ठरलंय ते ठरलंय. आधी ऑपरेशन होऊ दे. मग माझ्या बायकोचं मी बघतो."

"आणि तुझी नोकरी?"

"खोकी हॉर्न वाजवत नाहीत. सुखात आहे मी!"

हसला. कपाळावरची रेघ हसताना वर जाते. चहा न घेताच गेला.

५ ऑक्टोबर

लायसन्स परत मिळालं. कंपनीने गाडीवर घेतलं नाही. 'अपघाताचा शेरा' आहे म्हणे. आता कायम गोदाम.

२७ नोव्हेंबर

वकीलबाई खुशीत. विमावाले दवाखान्याची बिलं मान्य करतील असं दिसतंय. बुडालेल्या कमाईचेही बरेचसे पैसे. "गिऱ्हाइकांच्या जबाबांनी काम केलं. आता फक्त तुमची साक्ष. सरळ आहे. भाऊ चालवत होता, वेग जास्त होता, वळणावर त्याचं लक्ष नव्हतं. म्हणून दाखवा."

म्हटलं. भाऊ चालवत होता. वेग जास्त होता. लक्ष नव्हतं.

"थोडं वाईट वाटल्यासारखं म्हणा," वकीलबाई म्हणाल्या. "पाढे म्हणताय तुम्ही."

८ जानेवारी

डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख धरून ठेवलीय. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. त्याच्या आधी साक्ष. सगळं कसं वेळेवर होतंय! भावजय म्हणाली, निकाल लागला की दुकान आम्ही दोघी मिळून झाडू. नवी पाटी लावू. मी मान डोलावली. मान तेवढी अजून नीट चालते.

२० जानेवारी

उद्या साक्ष. भावजयही येणार आहे. सोबत हवी ना तुम्हाला, म्हणाली. मुद्दाम रजा काढलीय तिने.

इस्त्री केली. डाव्या हाताने. बाहीची घडी वाकडी आली.

२१ जानेवारी

विम्याच्या वकिलाने विचारलं, "वळणावर तुमच्या भावाचं लक्ष कुठे होतं?"

म्हटलं, "माझ्याकडे. ताई, ब्रेक दाब, ब्रेक दाब, असं ओरडत होता तो. गाडी मी चालवत होते. मला लायसन्स नाही. मला बाहेर ओढून काढताना म्हणाला, मी चालवत होतो, लक्षात ठेव. मी लक्षात ठेवलं."

वकीलबाईंनी फाइल मिटली. न्यायाधीश लिहायचे थांबले. भावजय मागच्या बाकावर होती. ती माझ्याकडे बघेल असं वाटलं होतं. तिने धाकट्याकडे बघितलं.