वाचनालयातली बिनअक्षरी पाटी

तीर्थस्वरूप ताईस, धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? माझे ठीक आहेत, शिडीवर तेवढे कापतात. गुडघ्यांमुळे रविवारी आमच्या वाचनालयाच्या नव्या दालनाच्या उद्घाटनाला येता येणार नाही असं कळवलंस. बरंच झालं. का ते सांगतो.

त्या दालनासाठी मला ‘शांतता राखा’ अशी पाटी रंगवायची होती, चार भाषांत, सर्वांत जुनी भाषा सर्वांत वर. (ही अट कुणी घातली ते आता कुणीच कबूल करत नाही.) जुनी कोणती हे ठरवायला समिती बसली ती तीन आठवडे उठेचना. चिटणिसांच्या मते त्यांची भाषा पहिली, कारण त्यांची आजी त्याच भाषेत भांडायची आणि आजी तेव्हाच फार म्हातारी होती. डॉक्टर म्हणाले, तान्हं मूल कुणाचंही असो, रडतं ते आमच्याच भाषेत. निवृत्त न्यायाधीशांनी तोडगा काढला की जिचे बोलणारे एकूण एक वारले आहेत अशी भाषा वर घ्यावी, म्हणजे तक्रारीला कुणी येणार नाही. ते पटतही आलं होतं, पण ती लिहिणार कोण म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. या शांततेपायी एवढा आरडाओरडा झाला की वाचक पुस्तकं घेऊन जिन्यात बसू लागले. शेवटी मला बजावण्यात आलं, शनिवारपर्यंत पाटी लागली नाही तर काम दुसऱ्या पेंटरला.

मला काही सुचेना. शिडीवर डोळे मिटून बसलो तर तू दिसलीस. आईच्या आजारपणात तिचा डोळा लागला की तू दारात उभी राहायचीस, डोळे वटारून, ओठांवर बोट. मला तेव्हा धड बोलताही येत नव्हतं, तरी सगळं कळायचं. ताई, मला आलेली पहिली भाषा तीच. मी तेच चित्र काढलं, चार फूट उंच, खाली एकही अक्षर नाही. समिती भांडत आत आली, वर पाहिलं आणि गप्प झाली. न्यायाधीशांनी तर चपला काढल्या.

तुझा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. : चेहरा काल्पनिक आहे, असं मी समितीला सांगितलं आहे.

पुन्हा ता. क. : गुडघ्यांचं काहीतरी बघ आणि रविवारी ये. रिक्षा पाठवतो. फक्त आल्यापासून जाईपर्यंत हसत राहा, म्हणजे कुणी ओळखणार नाही. तुला हसताना मीही फारसं पाहिलेलं नाही.