जाण्याची क्रियापदं

२ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा क्रियापदं! रशियनमध्ये पायी जाणं वेगळं, गाडीनं जाणं वेगळं, जाऊन परत आलात तर आणखी वेगळं. आपण मराठीत 'गेला' म्हणतो आणि मोकळे होतो. एम.ए.चं पहिलं वर्ष संपत आलं आणि मी अजून उंबरठ्यातच ठेचकाळतेय.

वर्गात आम्ही दोघंच — मी आणि चष्मिस. बाई मात्र सभागृह भरल्यासारख्या शिकवतात. आज मला म्हणाल्या, "तू रशियन बोलत नाहीस गं. मराठी वाक्यांना कोट चढवून पाठवतेस." चष्मिस फिस्सकन हसला. मीही हसले. बसमध्ये रडू आलं.

४ फेब्रुवारी

दादाचं तेच पालुपद. "त्या भाषेत कुत्रं तरी विचारणार आहे का तुला? आमच्या ऑफिसात जागा निघालीय. साहेबांच्या कानावर घालून ठेवलंय." आई ताटं पुसत गप्प. तिच्या त्या गप्प बसण्याचाच जास्त वीट येतो.

दादाचं तरी काय चुकतंय? थकले मी.

५ फेब्रुवारी

ठरलं. सोडायचं. सोमवारी बाईंना सांगायचं.

९ फेब्रुवारी, सोमवार

सांगायचं राहिलंच.

बाई फळ्यावर लिहीत होत्या. खडू निसटला. उचलायला वाकल्या आणि टेबल धरून तशाच खाली बसल्या. तोंड एका बाजूला ओढलेलं. चष्मिस माणसं बोलवायला धावला. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. त्या पुटपुटत होत्या — सगळं रशियनमध्ये. मला वाटलं, वर्गातली सवय!

११ फेब्रुवारी

बाईंच्या मुलाचा फोन. आवाज त्रासलेला. "आई मराठी बोलतच नाहीये. एक शब्दसुद्धा नाही. डॉक्टर म्हणतात, मेंदूला झटका बसला की होतं असं क्वचित, एखादीच भाषा शिल्लक राहते. तुम्ही येऊ शकाल का?"

म्हटलं, आमच्यात हुशार तो दुसरा आहे, त्याला बोलवा. तर चष्मिस गावी गेलेला. म्हणजे मीच! बाईंचं बोलणं सगळ्यांत कमी समजणारी.

१२ फेब्रुवारी

जाडजूड शब्दकोश छातीशी धरून दवाखान्यात गेले. बाई एवढ्याशा दिसत होत्या. मुलगा कोपऱ्यात उभा — पन्नाशीचा, शर्ट चुरगळलेला. मला बघून बाईंनी जे सुरू केलं! निम्मं डोक्यावरून गेलं. 'दमोय, दमोय' तेवढं कळलं. घरी.

धीर द्यावा म्हणून मी जुळवून म्हटलं, "लवकरच आपण घरी जाऊ." बाईंनी बरा असलेला हात उचलून बोट नाचवलं आणि काहीतरी ठणकावलं.

"काय झालं? दुखतंय का तिला?" मुलगा घाबरला.

"नाही. माझं क्रियापद चुकलं. मी त्यांना पायी नेत होते."

तो हसला.

१४ फेब्रुवारी

आज त्यानं विचारलं, "मला ओळखते का, विचाराल?" खालच्या आवाजात, माझ्याकडे न बघता. लहानपणी बाई त्याला शिकवायला बसायच्या आणि हा पळून जायचा म्हणे. "राग यायचा. वाटायचं, आमच्यापेक्षा तिला ती भाषाच प्यारी."

विचारलं. बाई त्याच्याकडे बघून सावकाश बोलल्या. एक शब्द अडला, तो कोशात शोधला. तोवर तो उभाच.

"म्हणतात, हा माझा मुलगा. सकाळपासून जेवलेला नाही. त्याला सांग, मी कुठे पळून जात नाही, आधी खाऊन ये."

"मी जेवलो नाही हे तिला कसं कळलं?"

याचं मात्र मी भाषांतर केलं नाही. तो गेला जेवायला.

१७ फेब्रुवारी

रोज जातेय. पाय दुखतात, डोकं भणभणतं. डॉक्टर विचारतात, मी विचारते, बाई सांगतात, मी सांगते. गोळी कडू आहे. उशी उंच हवी. नर्सचा हात हलका आहे, तिला आभार सांग. वर्गात असं काही कधी बोललोच नव्हतो आम्ही!

दादा म्हणाला, "साहेब उत्तर मागताहेत." म्हटलं, थांबायला सांग. "किती?" माहीत नाही रे.

२० फेब्रुवारी

आज चुकले नाही. एकदाही नाही! बाईंनी नुसती मान हलवली. कोश न उघडताच परत आणला.

२१ फेब्रुवारी

दादाला नाही म्हणून सांगितलं. त्यानं जोरात दार आपटलं. आई आत आली, म्हणाली, "जाऊ दे. निवळेल." बस्स. पण म्हणाली!

सोमवारी बाईंना सांगणार. रशियनमध्येच. वाक्य तयार आहे.

२३ फेब्रुवारी, सोमवार

दारातच मुलगा भेटला, डोळे लाल. "बोलली! मराठीत बोलली! मला हाक मारली, चहा मागितला!"

आत धावले. एका दमात माझं वाक्य म्हणून टाकलं — शिकणं सोडत नाही, पुढच्या वर्षीही येणार.

बाई कौतुकानं माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ही कुठली भाषा गं? कानाला गोड लागते."

खोलीत ती आता फक्त मलाच येत होती.